माझे उच्चार चुकतायत का?

"माझेच उच्चार नीट नसतील बहुतेक," असं म्हणून तिने लॅपटॉप अर्धवट मिटला.

टीममधला तिचा तो दुसरा दिवस. बोललेलं लिहून देणारं वेब ॲप आम्ही बनवत होतो, हाताच्या दुखण्यामुळे ज्यांना कीबोर्ड वापरता येत नाही अशा लोकांसाठी. ते स्वतःच्या मशीनवर चालू करायचं, एवढंच काम तिच्याकडे होतं. सेटअपची रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल, मी लिहिलेली. ती वाचून तासाभरात सगळं सुरू व्हायला हवं होतं.

सकाळच्या अडचणी नेहमीच्याच होत्या. एफएफएमपेग, म्हणजे ऑडिओचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, टाकलेलं नव्हतं, ते टाकलं. मग तिने फोनवरून लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, उघडला, तर ब्राउझर माइकची परवानगीच मागेना. साध्या, सुरक्षित नसलेल्या एचटीटीपीवर माइक मिळत नाही. लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनच्या स्वतःच्या पत्त्याला, त्यातून सूट आहे, १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्याला नाही. "फोन राहू दे, लॅपटॉपवर लोकलहोस्टच उघड," असं सांगून मी माझ्या कामाला लागले.

दुपारी तिच्याकडे गेले तेव्हा ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. सावकाश, मोठ्याने, लहान मुलाला शिकवावं तसं. पडद्यावर मात्र भलतेच शब्द उमटत होते, मध्येच एखादा तुकडा पाच-सहा वेळा. तिने विचार अगदी पद्धतशीर केला होता. नमुन्याची ऑडिओ फाइल अपलोड केली की मजकूर बरोबर येतो, म्हणजे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल ठीक. माझ्या मशीनवर माइकवरूनही बरोबर येतो, म्हणजे कोड ठीक. राहता राहिली ती स्वतः.

मला ते फार लागलं. हे ॲप ज्यांच्या हातात जाणार होतं, त्यांनीही असंच स्वतःला दोषी धरलं असतं.

तरी माझा पहिला अंदाजही चुकीचाच होता. आम्ही व्हिस्पर हे ओपनएआयचं मॉडेल वापरत होतो. ते ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलंय, पण त्यात मराठीचा वाटा फारच थोडा. मला वाटलं, २४.४ कोटी पॅरामीटरचं (शिकताना ठरलेल्या आकड्यांचं) 'स्मॉल' मॉडेल काढून ७६.९ कोटींचं 'मीडियम' लावून बघू. ते डाउनलोडला लावलं आणि तोवर सहज म्हणून सर्व्हरवर येणारा आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरवून घेतला. दोन-चार ओळींचं काम.

फाइल वाजवली. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरमधून यावा तसा जड, लांबत जाणारा आवाज आला.

"हा कोण बोलतोय?" तिने विचारलं.

तीच बोलत होती. बोलली होती दहा सेकंद, फाइल होती तीस सेकंदांची. मग बाइट मोजले. मॉडेलला सेकंदाला १६,००० सँपल, म्हणजे आवाजाची मोजमापं, लागतात. एक सँपल १६ बिटचं, म्हणजे दोन बाइटचं, आणि मोनो, म्हणजे एकच चॅनेल, धरून सेकंदाला ३२,००० बाइट होतात, म्हणजे दहा सेकंदांना ३,२०,०००. आले होते ९,६०,०००. बरोबर तिप्पट. तिचा माइक ४८,०००च्या दराने सँपल पाठवत होता आणि सर्व्हर ते १६,०००चे समजून वाचत होता.

अपलोड केलेली फाइल का चालत होती तेही कळलं. ती एफएफएमपेगमधून जाते आणि तिथे दर आपोआप बदलून मिळतो. माइकचा आवाज मात्र आम्ही थेट ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, म्हणून मॉडेलला देत होतो, आणि ॲरे दिला की मॉडेल दर विचारत नाही, १६,०००च धरतं.

मग माझ्या मशीनवर इतके महिने चाललं कसं? मी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ऑडिओ कॉन्टेक्स्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये आवाज हाताळणाऱ्या भागाचा, सँपल रेट छापून पाहिला: १६०००. कोडमध्ये दर लिहिलेलाच नव्हता, आणि न लिहिल्यास ब्राउझर आवाज बाहेर काढणाऱ्या उपकरणाचा दर उचलतो. माझ्या कानाला दिवसभर ब्लूटूथ हेडसेट असतो. त्याचा माइक सुरू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि दर १६,०००वर उतरतो. हेडसेट काढून पान पुन्हा लोड केलं. ४८०००. आणि माझ्याही वाक्यांचा तसाच चुराडा झाला.

"म्हणजे माझं बोलणं..."

"तुझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं."

दुरुस्तीलाही वेळ गेला. कॉन्टेक्स्ट तयार करतानाच १६,००० मागितले, ते एका ब्राउझरमध्ये चाललं. दुसऱ्याने मात्र वेगळ्या दराच्या माइकशी जोडणीच नाकारली. मग प्रत्येक तिसरं सँपल ठेवून बाकीची गाळली. मजकूर बराच सुधारला, पण 'श' आणि 'स' यांची गल्लत होऊ लागली. ती तिनेच पकडली, सकाळभर तेच शब्द म्हणून तिला ते पाठ झाले होते. सेकंदाला १६,००० सँपल घेतले की ८,००० हर्ट्झच्या वरचं काही त्यात मावत नाही. ते आधी फिल्टरने काढलं नाही तर खालच्या पट्टीत दुमडून येतं आणि आवाज गढूळ करतं. 'स'ची बरीचशी धार त्या वरच्या भागाच्या आसपास असते, 'श'ची त्याच्या खाली. शिवाय काही उपकरणांचा दर ४४,१०० असतो, तिथे तिसरं सँपल ठेवण्याचा हिशेबच बसत नाही. शेवटी ब्राउझरने पहिल्या संदेशात स्वतःचा खरा दर कळवायचा आणि सर्व्हरने फिल्टर लावून रीसँपल करायचं, म्हणजे तो दर १६,०००वर आणायचा, असं ठरवून तसा कोड लिहिला.

संध्याकाळी ती तिच्या नेहमीच्या वेगात बोलली. ती भरभर बोलते, हे मला तेव्हा कळलं. वाक्य जसंच्या तसं उमटलं. तिने तेच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, मग रीडमी उघडली. आलेला आवाज फाइलमध्ये उतरवून ऐकण्याची कमांड तिने माइकच्या चाचणीच्या आधी घातली आणि चाचणीच्या पायरीत एक ओळ वाढवली: 'रोजच्या वेगानेच बोला.'