आमची वाटचाल : कुलूप नसलेला तंबोरा

ठाण्याच्या नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आमचा कारभार चालतो. मी, माझा भागीदार, प्रोग्रॅमिंग सांभाळणारी एक मुलगी आणि हिशेबाला आठवड्यातून एकदा येणारे काका. आम्ही कॉम्प्युटरवर वाजणारा तंबोरा विकतो. म्हणजे आधी वापरायला देतो, पैसे नंतर मागतो. महिनाभर गा, पटलं तर भरा. महिना उलटला की सुरू करताना एक छोटी खिडकी आठवण करून देते. ती बंद केली की तंबोरा पूर्वीसारखाच वाजतो. ‘मग लोक पैसे भरतीलच कशाला?’ हे बँकेच्या साहेबांपासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय.

माल मात्र जीव ओतून केला. मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी आणली आणि रात्री रस्ता निजल्यावर, पंखासुद्धा बंद ठेवून ध्वनिमुद्रण केलं. चारही तारा स्वतंत्र घेतल्या आणि प्रत्येक तारेचे पुष्कळ आघात. एकच आघात फिरून फिरून वाजला की गाणाऱ्याच्या कानाला पाच मिनिटांत यंत्र कळतं, म्हणून प्रोग्रॅम दर वेळी वेगळा निवडतो. पहिली तार एरवी पंचमात, मालकंस रागाला मध्यमात, मारवा रागाला निषादात. काळी पाच या पट्टीतली जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजत राहणारा झंकार, मनासारखी लागेपर्यंत आमच्या घरच्यांनी बरंच सोसलं.

मी त्याआधी स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचो. तिथलं महागडं सॉफ्टवेअर डाँगलवर चालायचं. ती यूएसबीची कांडी लावल्याशिवाय काही उघडत नसे. एकदा गायिका गळा तापवून बसलेली, तबलजी हातोडीने ठोकत सूर मिळवून तयार, आणि कॉम्प्युटर कांडी ओळखायलाच तयार नाही. पैसे पूर्ण मोजलेले, तरी दुपार फुकट गेली. गल्लीत त्याच सॉफ्टवेअरची फुकट्यांची प्रत सुखाने चालू होती, कारण तिच्यातून कुलूप आधीच काढून टाकलेलं. कुलपाचा जाच पैसे भरणाऱ्यालाच जास्त, हे माझं मत तेव्हापासूनचं. पहाटे रियाजाला बसलेल्या माणसाचा षड्ज परवान्यापायी बंद पडावा, हे मला आजही पटत नाही.

बरं, ही पद्धत काही आम्ही काढलेली नाही. कॉकॉस कंपनीचं ‘रीपर’ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असंच चालतं. साठ दिवस चाचणीचे, त्यानंतर आठवण येत राहते, पण काम अडत नाही. त्यात दोन दर आहेत, ६० डॉलर आणि २२५ डॉलर. धंद्यासाठी वापरता आणि वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या वर आहे, तर मोठा दर. तुमची उलाढाल तपासायला कोणी येत नाही. विश्वास दोनदा टाकलाय, भरण्यावर आणि किती भरायचं त्यावरही. आम्ही हे सरळ उचललं. आमचाही एक दर एकट्याच्या रियाजाला, दुसरा क्लासला.

बॉब वॉलेस या अमेरिकी प्रोग्रॅमरची युक्ती मात्र इथे चालली नाही. १९८३ साली त्यांनी ‘पीसी-राइट’ नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम काढला. नोंदणी ७५ डॉलर, आणि तुमच्या प्रतीवरून आणखी कोणी नोंदणी केली तर २५ डॉलर तुम्हाला. मला वाटलं, गुरूंकडून शिष्यांकडे प्रती जातातच, तर गुरूंनाही चार पैसे मिळावेत. डोंबिवलीच्या एका बुवांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “म्हणजे मी शिष्याला सूर द्यायचा आणि वर कमिशन घ्यायचं? तुमची खिडकी बरी हो!” विषय तिथेच मिटला.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. पण लोक लबाड होते म्हणून नव्हे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळी क्लास घेणाऱ्या बाई, भजनी मंडळाचे आजोबा, बँकेतून निवृत्त झालेले हौशी गायक. कार्डाचा नंबर कुठे टाकायचा, या धास्तीनेच निम्मे परत फिरायचे. काही जण चेक पाठवायचे, सोबत पानभर पत्र. २०१६ साली यूपीआय आलं, हळूहळू सगळ्यांच्या हातात पोचलं, आणि आम्ही त्या खिडकीत क्यूआर कोड टाकला. तंबोरा तोच, माणसं तीच, जमा मात्र वाढली. कित्येक वर्षं वापरणाऱ्यांचे पैसे अचानक येऊ लागले. शेऱ्याच्या रकान्यात ‘उशीर झाला, क्षमस्व’, ‘तंबोरा, आई आणि मी’, आणि एकाने नुसतंच ‘मालकंस’.

न भरणारेही आहेत, आणि त्यांतले काही चांगले ऐपतदार. तीन-तीन शाखांचा क्लास रियाजाच्या एका परवान्यावर चालतो, फी महिन्याच्या महिन्याला घेतात आणि वर फोन करून आम्हालाच विचारतात की पांढरी चार का सापडत नाही. आम्ही सांगतो. फोन ठेवला की भागीदार दात-ओठ खातो. संस्थांचं तसं नसतं. त्यांना ऑडिटला जीएसटीचं पक्कं बिल लागतं, त्यामुळे ते मुकाट्याने भरतात. त्यांच्या प्रामाणिकपणाचं श्रेय मी त्यांच्या सीएला देतो.

निव्वळ यावर दोन घरं चालत नाहीत. ध्वनिमुद्रणाची कामं आम्ही अजून घेतो, आणि हे मी या धंद्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी सांगतो. भागीदार दर दिवाळीला कुलपाचा विषय काढतो, मी दर दिवाळीला नाही म्हणतो. तबलावाल्यांसाठी लेहऱ्याची, म्हणजे तबल्यासोबत फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेची, आवृत्ती आता तयार होत आली आहे. तीही कुलपाशिवायच येईल. भागीदाराने एकच अट घातली आहे : क्यूआर कोड या वेळी दुप्पट मोठा.