निजायच्या खोलीचा वसंत: चुना, मांजरपाट, वाकळ

होळीच्या आधी

यंदा पाडवा १९ मार्चला. तोवर निजायची खोली वसंतासाठी तयार करायची, असं धरून काम सुरू केलंय. आपल्यातले बहुतेक जण दिवाळीला खोल्या पालटतात, वसंतात हात लावणारे थोडे. मला मात्र खोलीसाठी हाच काळ सगळ्यात सोयीचा वाटतो. कोल्हापुरात फेब्रुवारी सरता सरता गारवा फक्त पहाटेपुरता उरतो. दुपार तापायला लागते, हवा कोरडी असते, आणि भिंत, गादी, लाकूड, कापड जे काढाल ते छान वाळतं. जूनमध्ये पाऊस लागला की यातलं काहीच धड होत नाही.

क्रम मी पक्का ठरवलाय: आधी भिंत, मग कापड, मग उजेड. शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी, त्याही जागा उरली तर. भिंत आणि पडदा बदलला की बाकी सामान तेच राहिलं तरी ऋतू पालटल्याचं दारातच कळतं. अभ्रे आणि फुलदाणी बदलून ते होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खोली शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातली. जाड विटांच्या भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा. पश्चिमेला एक मोठी खिडकी आणि पूर्वेच्या भिंतीला डोकं करून सागवानी पलंग. म्हणजे दुपारी तीननंतरचं ऊन थेट अंथरुणावर. या उन्हाचा विचार केल्याशिवाय इथं एकही रंग निवडता येणार नाही.

हिवाळ्याचं आवरण्यापासून सुरुवात केली. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेलं काळं घोंगडं दोन्ही बाजूंनी कडक उन्हात टाकलं, झटकलं, आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून सुती धोतरात गुंडाळलं. घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळं ते भिजवून धुण्यापेक्षा ऊन देणं बरं. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच ठेवू नका, लोकरीला हवा लागते.

भिंत

खरं काम इथं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

या भिंतीवर पूर्वी कधीतरी प्लास्टिक इमल्शन चढवलेलं होतं. दर पावसाळ्यात जमिनीलगतचा दोनेक फूट भाग फुगायचा आणि दसऱ्यापर्यंत पोपडे पडायचे. जुन्या भिंतीत पायातून ओल चढते, ती वाफ होऊन पृष्ठभागातून निघून जाते. इमल्शनचा थर ही वाट बंद करतो. मग पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या मागं साचतात, लोणा धरतो आणि रंगाला आतून ढकलतो. चुन्याच्या थरातून ओल येते तशी जाते. आपल्याकडच्या पावसात जुन्या घराला चुना का मानवतो, त्याचं कारण हे.

चुना इमल्शनवर धरत नाही, त्यामुळं जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडावा लागला. पत्र्याची पट्टी आणि त्यामागून पॉलिश पेपर. धूळ भरपूर, तोंडाला फडकं बांधूनच करा. सुटलेला गिलावा गवंडीदादांनी चुन्यातच भरून दिला. सिमेंट भरू नका म्हणून त्यांना मुद्दाम सांगितलं होतं, कारण सिमेंटचं ठिगळ ओल अडवतं आणि ती शेजारून बाहेर येते.

कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवला. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, आणि तोही थोडा थोडा. पाणी अक्षरशः उकळतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, घरातली लहान मुलं त्या वेळी अंगणात नकोत. विरलेला चुना पाण्याखाली मुरू दिला, मग फडक्यातून गाळला. शिजवलेल्या डिंकाचं थोडं पाणी घातलं आणि सगळं दुधाइतकं पातळ केलं. घट्ट हात दिला तर तो तडकतो. पातळ हात जास्त वेळा द्यायचे, हाच खरा नियम.

प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाणी मारलं आणि काम सकाळीच उरकलं. पश्चिमेचं ऊन आत येण्याआधी हात ओढून झाला पाहिजे. चुना झटकन वाळला की पुढं हाताला पांढरं लागत राहतं, कारण त्याला घट्ट व्हायला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, तेव्हा कुठं भिंतीचा भाग बनतो. पहिला हात ओला असताना भिंत करडी, डागाळलेली दिसते. दुसऱ्या दिवशी बघा, मग बोला. ब्रशपेक्षा मला कुंचा आवडला, त्याच्या फटकाऱ्यांनी भिंतीला जी हलकी हालचाल येते ती रोलरला येत नाही.

रंगावरून घरात बरीच चर्चा झाली. मला पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पांढऱ्यात निळीची पोटली फिरव की. पिवडीनं खोली तापलेली दिसतीया." त्यांचं म्हणणं अर्धं मला पटलं. पश्चिमेचं ऊन मुळातच पिवळं, ते पूर्वेच्या भिंतीवर पडतं. तिथं पिवडी लावली असती तर दुपारी खोली खरोखर तापलेली वाटली असती. म्हणून पूर्व, उत्तर आणि दक्षिण भिंती निळीच्या पांढऱ्या ठेवल्या. पिवडी फक्त खिडकीच्या भिंतीला. खिडकीभोवतीची भिंत उजेडाच्या विरुद्ध असल्यानं दिवसभर काळपट दिसते, तिला ऊब मिळाली. चुन्यात मातीचेच रंग घाला: पिवडी, गेरू, हिरमुजी. हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग, चुन्याच्या क्षाराला पुरून उरतात. बाजारातले बाकीचे बरेच रंग चुन्यात विटतात. आणि नमुन्याचे पट्टे मारून, पूर्ण वाळवून, सकाळी, दुपारी आणि दिव्यात असे तिन्ही वेळा बघा. ओली पिवडी आणि वाळलेली पिवडी यांत फार अंतर असतं.

रंगपंचमी झाल्यावर

पडद्यांसाठी इचलकरंजी गाठली. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि आजही सुती कापडासाठी आपल्याला दुसरीकडं जायचं कारण नाही. मी घेतला कोरा मांजरपाट. न धुतलेला, न रंगवलेला, सरकीच्या बारीक काळ्या ठिपक्यांचा. उन्हासमोर धरला की हे ठिपके आणि जाडेभरडे धागे दिसतात, चुन्याच्या भिंतीशेजारी ते फार शोभतात. पॉलिस्टरचा गुळगुळीत पडदा या भिंतीजवळ उपरा दिसला असता.

कोरं कापड शिवायच्या आधी गरम पाण्यात भिजवून धुवायचंच. खळ निघते आणि आटायचं तेवढं आटून घेतं. रुंदी खिडकीच्या सव्वादोन पट धरली, म्हणजे चुण्या भरघोस पडतात. दांडी चौकटीच्या वर वीतभर आणि दोन्ही बाजूंना बाहेर काढून बसवली. पडदा सारला की पूर्ण काच मोकळी होते आणि खिडकी आहे त्याहून मोठी वाटते. आतल्या बाजूला मलमलीचा पातळ पडदा आहे. सकाळी तो एकटाच ओढलेला असतो, दुपारी मांजरपाट.

खालच्या काठाला गुळेदगुड्डच्या खणाची चार बोटं पट्टी लावली, डाळिंबी रंगाची. महाद्वार रोडला खण भरपूर मिळतात, पण घेताना ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का ते बघा. कोऱ्या कापडावर लाल उतरला तर निघत नाही. रंग डाळिंबी का, तर पन्हाळ्याच्या वाटेवर या दिवसांत पांगारा आणि काटेसावर फुललेली असते. निष्पर्ण फांदी आणि तिच्यावर तेवढाच लाल. खोलीतही लाल तेवढाच हवा होता.

पाडव्याच्या तोंडावर

वाकळ, म्हणजे गोधडी, झाली! सासूबाईंच्या आईची दोन जुनी सुती लुगडी, एक इरकली, एक साधं हिरवं. मध्ये तिसरा थर घातला नाही, उन्हाळ्यात पांघरायला दोनच पुरे. धावदोरा कडेनं सुरू करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत न्यायचा. टाके सासूबाईंचे बारीक, माझे थोडे लांब. दोघींच्या ओळी शेजारी शेजारी आहेत आणि मला त्या तशाच आवडतात. जुनं सूत इतकं मऊ झालेलं असतं की नवं कुठलंही कापड त्याच्या जवळ येत नाही. घरात लुगडी असतील तर बोहारणीला देण्याआधी एकदा उन्हासमोर धरून बघा. धागा विरला नसेल तर त्यांची वाकळ होते.

गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली.

दिव्यांचं थोडक्यात: वरची पांढरी ट्यूब काढली, पलंगाच्या दोन्ही अंगांना २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे, एलईडी बसवले. खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९० च्या वर हवा. त्याहून कमी असला की खणाचा लाल रात्री तपकिरी दिसतो आणि पिवडी मळकट.

चैत्र लागल्यावर

चैत्रात अंगणात चैत्रांगण काढतात, तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्यातली काही चिन्हं मी खिडकीवरच्या पिवडीच्या पट्ट्यात आणली, बारीक कुंचल्यानं, पांढऱ्या चुन्यात: आंब्याची डहाळी, कासव, सूर्य, चंद्र, शंख. सगळं चैत्रांगण उतरवायचं नव्हतं. गौर देवघराजवळच असावी आणि नाग निजायच्या खोलीत नको, हे सासूबाईंनी सांगितलं आणि ते योग्यच होतं. पट्टा वीतभर उंच आहे, पडदा उघडा असला की नीट दिसतो. रेघ ओली असताना दिसतच नाही, वाळल्यावर उमटते. त्यामुळं घाईनं दुसऱ्यांदा गिरवू नका, जाड होते.

खिडकीबाहेर मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत. पश्चिमेचं ऊन त्यांना मानवतंय, कळ्या धरल्यात. खोलीत कुंडी ठेवली नाही, चुन्याच्या भिंतीला सतत पाण्याचे शिंतोडे नकोत.

दोन कामं बाकी आहेत. एक, वाळ्याचा पडदा. एप्रिलच्या उन्हात पाणी मारून खिडकीबाहेर टांगायचा आहे, माप घेऊन झालंय. दुसरं, उशा. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात, त्या कापसाच्या उशा करायच्या आहेत. हा कापूस हलका असतो, पण उडतो फार, त्यामुळं आतल्या खोळीला घट्ट विणीचं कापड लागेल, मांजरपाट चालणार नाही. पन्हाळा, गगनबावडा किंवा राधानगरीकडं कुणी बिया काढून स्वच्छ केलेला सावरीचा कापूस देत असेल तर मला सांगा. दोन उशांपुरता हवा आहे.