नऊ जी आणि लांबलचक डायलॉग

आज दुपारी एक युद्धपट पाहिला. नायक लढाऊ विमान गर्रकन वळवतो आणि त्याच वेळी निवांत आवाजात चार वाक्यांचा डायलॉग मारतो. ऑक्सिजन मास्क बाजूला लटकतोय. चेहरा दिसायला हवा ना!

अशा वळणात 9 जी पर्यंत, गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, भार येऊ शकतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी 630 किलो झाल्यासारखं. डोक्यातलं रक्त पायांकडे उतरतं, आधी रंग फिके पडतात, मग डोळ्यांपुढे काळोख. पायलट मांड्या-पोट घट्ट आवळून, तुटक श्वास घेत शुद्ध टिकवतो. डायलॉग कसला, नुसते हुंकार! विमानाच्या तोफेच्या गोळ्याही काही सेकंदांत संपतात. पडद्यावर मात्र मध्यंतरापर्यंत पुरल्या.

परतताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों आठवले. 14 डिसेंबर 1971, श्रीनगरचा विमानतळ. बॉम्ब पडत असताना त्यांनी आपलं छोटंसं नॅट लढाऊ विमान हवेत काढलं. समोर पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं. त्यातून ते परतले नाहीत. वायुदलातले एकमेव परमवीरचक्र विजेते.

हे जसंच्या तसं पडद्यावर आलं असतं, तर मीच पुटपुटलो असतो, 'जरा अतीच दाखवतात!'