किती पाणी होतं, ते पुस्तकात आहे

पालकसभेत, गॅदरिंगला, परवा तर एका हळदीच्या पंगतीत वांग्याचं भरीत वाढून घेताना मला त्याच प्रश्नानं गाठलं. "मॅडम, पोरगं ते डायनासोरचं पुस्तक मागतंय. पिक्चर तर त्यानं दोनदा पाहिलाय. आता पुस्तकात पैसे घालायचे का?" कोणी हेच वेगळ्या तऱ्हेनं विचारतं: विज्ञानातल्या साहसकथा आधी वाचायच्या की आधी पाहायच्या? गिरणाकाठच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि वर्गातल्या कपाटात माझी पन्नासेक पुस्तकं ठेवते. माझा अधिकार म्हणाल तर एवढाच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी पिक्चर. मग पुस्तक.

ग्रंथालयवाल्या मंडळींना हे पटत नाही, ठाऊक आहे. पण पुस्तक वाचून पिक्चरला गेलेला माणूस खातेवही मांडीवर घेतलेल्या सावकारासारखा बसतो. हे गाळलं, ते बदललं, याला मारलंच नाही! मीसुद्धा तशीच बसायचे. माझ्या बाबतीत सगळं उलट्या क्रमानं झालं आणि त्याचा त्रास मी पुष्कळ वर्षं काढला.

सहावीत असताना जूल व्हर्नच्या कॅप्टन निमोची गोष्ट, 'समुद्राखाली वीस हजार लीग', हाती लागली, मराठीत, मुलांसाठी बारीक केलेली. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. पाहिलं होतं ते गिरणा धरण, आणि आमची विहीर. पुस्तकात लिहिलं होतं की नॉटिलस ही पाणबुडी ७० मीटर लांब. सत्तर मीटर म्हणजे किती? मी वावरात गेले आणि विहिरीच्या कठड्यापासून पावलं टाकत निघाले. दोन पावलं म्हणजे एक मीटर असा माझा हिशेब. कपाशीच्या ओळी ओलांडत पार बांधावरच्या निंबापर्यंत पोचले, तरी बारा-पंधरा पावलं उरलीच. त्या दिवसापासून विहीर ते निंब आणि वर थोडं, एवढी नॉटिलस आमच्या वावरात उभी आहे. आजही तिकडे गेलं की दिसते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर डिस्नेचा १९५४चा सिनेमा पाहिला. पाणबुडी सुरेखच आहे, लोखंडी मगरीसारखी. राक्षसी माखल्याशी, म्हणजे अजस्र स्क्विडशी, झुंज रात्रीच्या वादळात होते आणि ती बघताना मी पाय वर घेतले होते. नंतर वाचलं की हा प्रसंग आधी संध्याकाळच्या शांत समुद्रावर चित्रित केला होता. पण तो माखला इतका खोटा दिसायला लागला, की वादळ आणि अंधार आणून सगळं पुन्हा चित्रित करावं लागलं. म्हणजे ते वादळ खोटेपणा झाकायला आलं होतं. कादंबरीत माखले एकाहून जास्त आहेत आणि वादळाची गरज नाही.

माखल्याचं मी सोडून दिलं. माझं भांडण निमोवरून होतं. पडद्यावर जेम्स मेसन हा इंग्रज नट निमो झालाय. काम झकास करतो, पण आमचा निमो इंग्रज कसा असेल? व्हर्नच्या पुढच्या एका कादंबरीत, ती १८७४-७५ची, उलगडा होतो की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात लढलेला. त्याच सुमाराला आमच्या सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक इंग्रजांशी लढत होते. आंबापाणीची लढाई एप्रिल १८५८ची. समुद्राखाली जाऊन बसलेला तो माणूस त्यांच्या नात्यातला म्हणायचा! पहिल्या कादंबरीतही सिलोनजवळ निमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली देतो आणि म्हणतो की हा माणूस दडपलेल्या देशाचा आहे आणि मी अखेरच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. हे सिनेमात नाही. पुढे २००३च्या एका हॉलिवूडपटात नसीरुद्दीन शाह दाढी आणि पगडीसह निमो होऊन आला. पिक्चर सुमार होता, पण मी एकटीनं टाळी वाजवली.

ही तक्रार घेऊन मी बरीच वर्षं फिरले. मग कळलं की कापाकापी सिनेमावाल्यांच्याही आधीची आहे. व्हर्नच्या मनात निमो मुळात पोलिश होता, रशियावर सूड उगवणारा. प्रकाशक एत्झेल यांनी ते चालू दिलं नाही, कारण पुस्तकं रशियातही खपत होती. पहिल्या इंग्रजी अनुवादकानं तर कादंबरीचा जवळपास चौथा भाग उडवला. आणि माझं सहावीतलं पुस्तक? तेही मुलांसाठी बारीक केलेलंच. म्हणजे ज्याला मी मूळ पुस्तक म्हणून छातीशी धरलं होतं, तेच मुळात कापलेलं होतं.

(मुलं हमखास विचारतात म्हणून सांगून टाकते. नावातले वीस हजार लीग ही खोली नव्हे. पाण्याखालून झालेला तो प्रवास आहे, सुमारे ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या.)

डायनासोरच्या बाबतीत मात्र क्रम आपोआप बरोबर लागला, तो मावशीमुळे. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. सातवीच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते, तेव्हा यात्रेत तंबूतल्या सिनेमाला 'जुरासिक पार्क' लागला होता, हिंदीत डब केलेला. खाली नदीची वाळू, रात्री नऊलाही गरम. वारा आला की पडदा हलायचा आणि डायनासोर लचकायचा. पण खरी गंमत पुढेच झाली. त्या सिनेमात टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो तो धो-धो पावसात. डायनासोर यायला अजून अवकाश होता, नुसता पाऊस सुरू झाला आणि अर्ध्या तंबूनं शिट्ट्या मारल्या. मावशी म्हणाली, "आपल्याकडे कधी येईल असा?" अशा माणसांना डायनासोरनं घाबरवायचं तरी कसं?

मायकेल क्रायटनची कादंबरी (१९९०ची) मी वाचली ती कॉलेजात. सिनेमा पाहून सात-आठ वर्षं झाली होती, सगळं पाठ होतं. तरीही एका पानावर मी थबकले. डायनासोरचं उद्यान एका बेटावर, तिथले प्राणी संगणक मोजतो. असायला हवेत २३८. रोज मोजतो, रोज २३८ भरतात, सगळे खूश. मग तो गणितज्ञ माल्कम म्हणतो, याला जास्त आकडा सांगून मोजायला लावा. मोजतात, तर निघतात २९२, म्हणजे बेटावर पिल्लं होत होती! संगणकाला कमी पडलेले शोधायला सांगितलं होतं. जास्त झालेले शोध असं कोणी सांगितलंच नव्हतं.

ही चूक मी दर आठवड्याला करते. पटावर ४२ मुलं. खिचडीच्या वेळी ४२ डोकी मोजली की मी थांबते. त्यात शेजारच्या वर्गातली तीन बसलेली असतात आणि माझी तीन चिंचेवर असतात, ते मला कुठे कळतं? म्हणून ते पान मी वर्गात वाचून दाखवते. पोरं दात काढतात, कारण चिंचेवरचे तिघे समोरच असतात.

सिनेमात हा आकड्यांचा खेळ नाही. त्याऐवजी ग्रँट या शास्त्रज्ञाला झाडाखाली फुटलेली अंडी सापडतात. अर्ध्या मिनिटात काम झालं, आणि चोख झालं. पडद्यावर आकडा दाखवून माणूस घाबरत नाही, टरफलानं घाबरतो. इथे मी दिग्दर्शक स्पीलबर्गच्या बाजूची. पण हॅमंड या म्हाताऱ्याचं जे केलं, ते मला अजून पचलेलं नाही. पुस्तकातला हॅमंड पैशाचा लोभी, हेकट, आणि शेवटी त्याच्याच उद्यानातले कोंबडीएवढे डायनासोर त्याला संपवतात. सिनेमात तो पांढऱ्या दाढीचा गोड आजोबा, सुखरूप घरी जातो. नट कोण, तर 'गांधी' दिग्दर्शित करणारे रिचर्ड अ‍ॅटनबरो! त्या चेहऱ्यावर राग धरायचा कसा? मग दोष कोणाचा, तर कोणाचाच नाही.

एच. जी. वेल्सच्या काळयंत्राबद्दल थोडक्यात. १८९५ची कादंबरी, १९६०चा सिनेमा. काळ पुढे सरकताना समोरच्या दुकानातल्या पुतळीचे कपडे भराभर बदलत जातात, ही युक्ती सिनेमाची स्वतःची आहे आणि पुस्तकातल्या कुठल्याही वर्णनापेक्षा सरस. पण पुस्तकात नायक त्याही पुढे, कोट्यवधी वर्षं पुढे जातो. लाल, थकलेला सूर्य, ओसाड किनारा, त्यावर अजस्र खेकडे. सिनेमा तिथवर गेलाच नाही. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभं राहून ते पान वाचा. सूर्य थकू शकतो यावर विश्वास बसत नाही.

आता आप्पांचं सांगते, कारण 'आधी पिक्चर' हे माझं मत पक्कं झालं ते त्यांच्यामुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. थोडी केळी, बाकी कापूस. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना 'द मार्शियन' दाखवला, हिंदीत. अँडी वीअरनं ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर हप्त्याहप्त्यानं लिहिली होती, सिनेमा आला २०१५ साली. मंगळावर एकटा राहून गेलेला माणूस जगण्यासाठी बटाटे लावतो. एवढं कळल्यावर आप्पा सावरून बसले. माणसानं सोनखत कालवून माती तयार केली, तेव्हा मान हलली. मग रॉकेटच्या उरलेल्या इंधनापासून पाणी करण्याचा प्रसंग आला. धडाका झाला, माणूस उडून पडला, पुढच्या दृश्यात हिरवे कोंब. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"पन किती पानी व्हतं वं?"

मी म्हटलं, ते दाखवत नाहीत.

"मंग काय दखाडं?"

रात्री पुस्तक काढलं. पुस्तक इंग्रजी, आप्पा अहिराणी, मधे मी. पुस्तकात सगळं आहे. एक घनमीटर मातीला ४० लिटर पाणी. आणखी ६.२ घनमीटर माती भिजवायची, म्हणजे सुमारे २५० लिटर. आप्पांनी लगेच बोटं मोडली. उन्हाळ्यात आमच्या केळीच्या एका खोडाला ठिबकनं दिवसाला वीसेक लिटर लागतं. म्हणजे मंगळावरच्या माणसाचा जीव आमच्या बारा खोडांच्या एका दिवसाच्या पाण्यावर अडला होता! हे कळल्यावर आप्पांना त्याची जी काळजी वाटायला लागली, ती सिनेमात वाटली नव्हती. धडाक्याआधी न जळलेला हायड्रोजन खोलीभर साठतो आणि ते लक्षात आल्यावर तो बाहेर पळतो, ते सगळं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

पुढे रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण. मंगळावरच्या माणसाचा जीव वाचतो हे त्यांना पिक्चरमुळे ठाऊक होतं, म्हणून घाई नव्हती. "वाचेल तो, पण कसा ते सांग," म्हणायचे. सिनेमानं सोडून दिलेला मोठा भाग त्यांना सगळ्यात आवडला. सुटकेच्या यानापर्यंत ३,२०० किलोमीटर गाडी हाकत जाताना त्याला धुळीचं वादळ लागतं. सरळ दिसत नाही, नुसती वीज रोज थोडी कमी भरते. मग तो अंतराअंतरावर सौरपट्ट्या ठेवतो, कुठे किती वीज झाली ते ताडून पाहतो आणि वादळाला बगल देतो. पडद्यावर हे कसं दाखवणार? एक माणूस बसून आकडे मांडतोय, बस. पण आप्पा आणि मी त्या दोन रात्री जागलो.

एका ठिकाणी मात्र पुस्तक आणि पिक्चर दोघंही आप्पांपुढे हरले. गोष्टीच्या सुरुवातीचं वादळ. मी खरं सांगून टाकलं की मंगळावरची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास, तिथलं वादळ यान आडवं करू शकत नाही, आणि हे लेखकालाही माहीत होतं. आप्पांनी जन्मात पुष्कळ वावधनं पाहिली आहेत. घड लागलेली केळी रात्रीतून आडवी झालेली पाहिली आहे. ते म्हणाले, "मंग ते खोटंच."

मग ती रात्र आली. पुस्तकात निवाऱ्याचं एक दार फाटून उडतं, आतली हवा जाते आणि सगळे बटाटे गोठून मरतात. सिनेमात हे आप्पांनी पाहिलेलं होतं, तेव्हा शेवभाजीत भाकर बुडवत होते. आता मी वाचत होते आणि ते खाटेवर उठून बसले. वाचून झालं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्याना ईमा व्हता का?"

मी म्हटलं, नाही आप्पा, मंगळावर कुठला विमा.

आप्पांनी चप्पल घातली, बॅटरी घेतली आणि ते केळीत चक्कर मारायला निघून गेले.