लास वेगासमध्ये जुगाराविना तीन दिवस

लास वेगासला आम्ही मायलेकी गेलो, ते एक डॉलरही पणाला लावायचा नाही हे ठरवूनच. आईला बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी पाहायची होती आणि मला त्या शहराचा रस्ता पायी तुडवायचा होता. तीन दिवसांत आम्ही खर्च केला तो राहण्या-जेवण्यावर आणि बसच्या तिकिटांवर. जे डोळे भरून पाहिले, त्याचे कोणीही पैसे मागितले नाहीत.

स्पॅनिशमध्ये ‘लास वेगास’ म्हणजे कुरणे. मोहावीच्या वाळवंटात येथे जिवंत झरे होते, म्हणून रेल्वे येथून गेली आणि १९०५ साली जमिनीचा लिलाव होऊन गाव वसले. नेवाडा राज्याने जुगाराला मान्यता दिली ती १९३१ मध्ये. शहराचे मूळ पाण्यात आहे हे मनात ठेवून मी ती कारंजी पाहिली, आणि त्यामुळेच ती मला नुसता झगमगाट वाटली नाहीत.

बेलाजिओ हॉटेल १९९८ साली उघडले, तेव्हापासून त्याच्या सुमारे साडेआठ एकरांच्या कृत्रिम तळ्यात हा खेळ चालतो. बाराशेहून अधिक नळ्या पाण्याखाली बसवलेल्या आहेत. त्यांतल्या काही यंत्राच्या साहाय्याने सर्व दिशांना वळतात, तर काही दाबलेल्या हवेच्या जोरावर पाणी एका क्षणात उंच फेकतात. सर्वांत उंच फवारा सुमारे १४० मीटरपर्यंत जातो. तो सुटताना तोफेसारखा आवाज होतो आणि त्यानंतर वर गेलेले पाणी खाली कोसळण्याचा जो सपकारा ऐकू येतो, तो कोणत्याही चित्रफितीत नीट उतरत नाही. वारा जोराचा असेल तर मात्र खेळ होत नाही. दुपारी दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर पाव तासाने नवे गाणे लागत असल्यामुळे धक्काबुक्की करून पुढे जाण्याची गरज पडत नाही. एक खेळ मागे उभे राहून पाहिला की पुढच्या खेळापर्यंत कठड्यापाशी जागा मिळते. आईने पहिल्याच रात्री सलग पाच खेळ पाहिले. मला विचाराल तर केवळ एवढ्यासाठी तेथे जावे.

त्याच हॉटेलात शिरताच छताला काचशिल्पकार डेल चिहुली यांनी घडवलेली काचेची सुमारे दोन हजार फुले आहेत आणि पलीकडे वर्षातून पाच वेळा संपूर्ण बदलणारी पुष्पशाला आहे. तेथे जाताना जुगाराच्या यंत्रांमधून वाट काढावी लागते. एकवीस वर्षांखालील मुलांना त्या वाटेने जाता येते, परंतु तेथे रेंगाळता येत नाही, हे सहकुटुंब जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे बेलाजिओपासून आरिया हॉटेलमार्गे पार्क एमजीएम हॉटेलपर्यंत धावणाऱ्या विनामूल्य ट्रामचा आम्हाला मोठा आधार झाला. फ्लेमिंगो हॉटेलच्या बागेतले रोहित पक्षी आणि व्हेनेशियन हॉटेलमधले छतावर रंगवलेले आकाशही आम्ही पाहिले. दोन्ही सुंदर आहेत, पण एकदा पाहून पुरतात.

मिराज हॉटेलसमोरचा कृत्रिम ज्वालामुखी मात्र आता नाही. १९८९ साली हॉटेलबरोबर सुरू झालेला तो आगीचा खेळ मी पूर्वीच्या एका प्रवासात पाहिला होता. जुलै २०२४ मध्ये हॉटेल बंद झाले आणि तोही थांबला. त्या जागेवरून जाताना मला खरोखर वाईट वाटले. ज्याला तिकीट नसते, ते पाहायचे आपण नेहमी पुढच्या खेपेवर ढकलतो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बसने जुन्या भागातल्या फ्रीमाँट स्ट्रीटला गेलो. रस्त्यावर सुमारे ४२० मीटर लांबीचे कमानदार छत आहे आणि त्याची आतली बाजू म्हणजे एकच अखंड पडदा. अंधार पडला की दर तासाला त्यावर प्रकाशाचा खेळ होतो आणि सगळा रस्ता माना वर करून उभा राहतो. आवाज फार मोठा असतो. आईने कानांत कापूस घातला. मला त्या पडद्यापेक्षा १९५१ सालचा निऑन दिव्यांचा काउबॉय ‘वेगास विक’ अधिक आवडला, कारण त्याच्यात काचेची नळी हाताने वाकवणाऱ्या कारागिराचे काम दिसते.

शेवटच्या पहाटे आम्ही दक्षिण टोकाच्या स्वागतफलकापाशी गेलो. बेटी विलिस यांनी तो १९५९ साली रेखाटला आणि त्याचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले नाहीत, म्हणून कपांपासून कपड्यांपर्यंत सर्वत्र तो दिसतो. ‘वेलकम’मधल्या सात अक्षरांमागची पांढरी वर्तुळे म्हणजे चांदीचे डॉलर आहेत, हे मी आईला सांगितले, तेव्हा तिने ती बोट दाखवून एकेक करून मोजली. सूर्य उगवत होता आणि छायाचित्रासाठी आमच्यापुढे फक्त दोन कुटुंबे उभी होती.