रशियन विक्षिप्त-उपहासकथा, वाचनाची प्रगती: नाक झालं, मगर झाली

गोगोलची 'नाक' पुन्हा वाचून काढली. या खेपेला शेजारी पीटर्सबर्गचा नकाशा आणि पीटर द ग्रेटने १७२२ साली घालून दिलेली चौदा हुद्द्यांची उतरंड ठेवली होती. ही उतरंड प्रत्येकाने आधी बघावीच, कथा वेगळीच दिसायला लागते. कथेचा नायक कोवाल्योव आठव्या पायरीवरचा, तोही हुद्दा कॉकेशसमध्ये पदरात पडलेला. त्याचं पळालेलं नाक त्याला कझान कॅथेड्रलमध्ये भेटतं ते त्याहून वरच्या, पाचव्या पायरीच्या थाटात, पिसांची टोपी आणि कमरेला तलवार. स्वतःच्याच नाकाशी बोलताना तो का चाचरतो, ते आता लख्ख कळलं. नाक त्याचं वरिष्ठ आहे! आणि ते त्याला वाटेला लावतं तेही गणवेशाची बटणं बघून, तुमचं खातं वेगळं दिसतंय म्हणून. १८३६ मध्ये पुश्किनच्या 'सोव्रेमेन्निक' या मासिकात ही कथा आली तेव्हा सेन्सॉरपायी हा प्रसंग कॅथेड्रलमधून गोस्तिनी द्वोर बाजारात न्यावा लागला होता.

माझ्या मते कथेचा प्राण मात्र वर्तमानपत्राच्या कचेरीत आहे. कारकून हरवलेल्या नाकाची जाहिरात नाकारतो, कारण पेपरची अब्रू जाईल. गेल्याच आठवड्यात काळ्या पूडल कुत्र्याची जाहिरात घेतली, बिल दोन रूबल त्र्याहत्तर कोपेक, आणि पूडल म्हणजे कुठल्याशा संस्थेचा खजिनदार निघाला. मग कोवाल्योवचा सपाट चेहरा बघून त्याला कळवळा येतो, आणि तो पुढे करतो तपकिरीची डबी. अशक्य गोष्ट एका वाक्यात घडून जाते. पुढची सगळी पानं माणसं तिला नियमात कशी बसवतात याचीच आहेत. सध्या मी प्रत्येक कथेत तेवढंच टिपतोय.

दस्तयेव्हस्कीची 'मगर' (१८६५) या दृष्टीने भलतीच श्रीमंत आहे. पीटर्सबर्गच्या नेव्स्की रस्त्यावरच्या पॅसेज या बाजारात मगर इवान मात्वेइचला गिळते, तो आतून व्यवस्थित बोलतोय, बायको पोट फाडा म्हणून ओरडतेय, आणि जर्मन मालकाला काळजी मगरीची. खात्यातले बुजुर्ग तिमोफेइ सेम्योनिच सांगतात, परकीय भांडवल देशात यायला हवं, आलेल्याचं पोट कसं फाडायचं? हा संवाद मोठ्याने वाचून बघा, त्याची लय तेव्हाच हाती लागते. कथा अर्धवट राहिली याची मात्र खरोखर हळहळ वाटते.

श्चेद्रिनची दोन जनरलांची गोष्ट (१८६९) छोटी, एका बैठकीत होते. भुकेने एक जनरल दुसऱ्याचं पदक चावून गिळतो, तिथे थांबून परत वाचलं. मुझिक, म्हणजे साधा रशियन शेतकरी, स्वतःच दोर वळतो आणि त्याच दोराने जनरल त्याला झाडाला बांधतात, हे वाचून मात्र हसू मावळतं.

पुढे चेखवचा शिंकणारा कारकून, १८८३चा. त्यात अशक्य असं काहीच घडत नाही, म्हणून माझी टिपणाची पद्धत तिथे किती टिकते ते बघायचंय. कुणी 'मगर' आणि ही कथा पाठोपाठ वाचली असेल, तर वरिष्ठांशी बोलतानाची वाक्यं शेजारी ठेवून बघा आणि काय दिसलं ते कळवा.