पहिल्याच दिवशी थकलेलं कर्ज

वायटूके, म्हणजे २००० साल उजाडताच कॉम्प्युटर वर्ष चुकीचं वाचतील ही १९९९ मधली भीती. ते म्हटलं की लोक मला हमखास ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीबद्दल विचारतात, बाराच्या ठोक्याला काय झालं, भीती वाटली का वगैरे. खरं सांगते, ती रात्र मला फारशी आठवत नाही. आठवतो तो ऑक्टोबरमधला एक शनिवार, आणि टेस्टिंगमधली आमची सगळ्यात नवी मुलगी, जी दोन दिवस एक प्रिंटआउट ड्रॉवरमध्ये ठेवून गप्प बसली होती.

आमचं काम कर्जांच्या सिस्टिमचं. मेनफ्रेम म्हणजे मोठा सामायिक कॉम्प्युटर, कोबोल ही त्यावरची जुनी प्रोग्रामिंगची भाषा, हजारो प्रोग्राम, आणि सगळीकडे वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं, म्हणजे ०० हे १९०० की २००० ते कळायला मार्ग नाही. जुन्या काळी डेटा भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर असायचा, एका कार्डावर ८० कॉलम असायचे, एकेक जागा मोलाची, म्हणून ७४ लिहायचं, १९७४ नाही. ती सवय पुढे डिस्क आल्या तरी राहिली. सगळ्या फाइलींमध्ये चार आकडी वर्ष करणं म्हणजे प्रत्येक रेकॉर्डची लांबी बदलणं, त्याला वेळ नव्हता, म्हणून बहुतेक ठिकाणी आम्ही विंडोइंग केलं. म्हणजे फाइलमध्ये दोनच आकडे ठेवायचे आणि प्रोग्रामला सांगायचं की ५० च्या आतलं वर्ष दिसलं तर २० लाव, ५० किंवा त्याच्या वरचं असेल तर १९ लाव.

पण त्या वर्षी ऑफिसात खरं जड झालं होतं ते हे काम नाही, माणसं. उन्हाळ्यापासूनच दोन गट पडले होते. एका बाजूला आमचे कोबोलचे सगळ्यात अनुभवी सर. या धोक्याचा इशारा देणारा, पीटर द यागर यांचा कॉम्प्युटरवर्ल्ड या नियतकालिकातला १९९३ चा लेख त्यांनी तेव्हाच वाचला होता आणि सहा वर्षं ते ओरडून सांगत होते की उशीर होतोय. कुणी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही म्हणूनच असेल, हळूहळू त्यांचं बोलणं कोडवरून विजेवर, विजेवरून पाण्यावर गेलं. घरात धान्य भरलं, पाण्याच्या टाक्या आणल्या, पैसे काढून ठेवले, आणि जेवणाच्या सुट्टीत ज्युनियर मुलांना सांगायचे, डिसेंबरच्या शेवटी आईवडलांजवळ जाऊन राहा. दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि त्यांच्याभोवतीचे लोक, ज्यांच्या मते हे सगळं विनाकारण पसरवलेलं भय होतं, आपला स्टेटस चार्ट हिरवा आहे ना मग विषय संपला. सप्टेंबरपर्यंत एका टेबलावर जेवणारी माणसं दोन टेबलांवर बसायला लागली. कुणी एक साधा बग सांगितला तरी हे टेबल म्हणायचं, बघा, सांगत नव्हतो का, आणि ते टेबल म्हणायचं, आला आणखी एक घाबरट.

मी टेस्टिंग लीड होते आणि हे सगळं बघत होते, पण माझं काम टेस्ट केसेस, माणसं नाहीत, असं धरून चालले. तिथे मी चुकले.

रंगीत तालीम बुधवारी सुरू झाली. मेनफ्रेमचा एक भाग वेगळा काढून त्याचं घड्याळ पुढे नेलं, ३१ डिसेंबरचा बॅच, म्हणजे दिवसभराचे सगळे हिशेब एकगठ्ठा करणारं काम, चालवला, मग थेट सोमवार ३ जानेवारी २०००. पहिल्याच लॉगिनला सगळ्यांचे पासवर्ड एक्स्पायर, कारण सिस्टिमच्या हिशेबाने अडीच महिने उलटून गेले होते. ते निस्तरलं, नवीन कर्जांच्या एंट्र्या टाकल्या, रात्रीचा बॅच चालवला. गुरुवारी रिपोर्ट आले. शुक्रवारी सगळं पास. शनिवारी सह्या करायच्या होत्या.

शनिवारी मीटिंगच्या तासभर आधी ती माझ्या टेबलाशी आली, हातात तो प्रिंटआउट. म्हणाली, "मॅडम, थोडं विचारायचं होतं. कालच जन्मलेलं कर्ज आज थकबाकीत कसं?"

मी कागद घेतला. थकबाकीचा रिपोर्ट होता. एक कर्ज, ३ जानेवारीला दिलेलं, तीस वर्षांचं, शेवटची तारीख ०३/०१/३०, आणि पुढे दंडाची रक्कम. रक्कम डोळ्यात भरण्यासारखी अजिबात नव्हती, रिपोर्टमधल्या इतर रकमांसारखीच. शेवटची तारीखसुद्धा दिसायला बरोबर, ३० म्हणजे २०३० च. म्हणूनच तर आम्ही सगळ्यांनी तो पास केला होता! पण तिने दंड हाताने मोजून पाहिला होता, पेन्सिलीने, समासात. सिस्टिमने तो सत्तर वर्षांचा लावला होता.

पोटात गोळा आला माझ्या. काय झालं होतं ते शोधायला वीस मिनिटं लागली. कर्ज देणाऱ्या प्रोग्रामची विंडो ५० ची, त्याने २०३० काढून फाइलमध्ये ३० लिहिलं. रात्रीचा थकबाकीचा प्रोग्राम मात्र तारखेचं कॉमन रुटीन, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड, वापरत होता आणि त्या रुटीनची विंडो ३० ची, म्हणजे ३० आणि वरच्या वर्षांना १९ लागायचं, कारण तेच रुटीन ग्राहकांच्या जन्मतारखाही वाचायचं आणि १९३० च्या दशकात जन्मलेले कितीतरी ग्राहक होते. म्हणजे दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर होत्या. एकीच्या लेखी २०३०, दुसरीच्या लेखी १९३०. जुन्या डेटावर हे दिसणं शक्यच नव्हतं, १९९९ मधलं तीस वर्षांचं कर्ज २०२९ ला संपतं, ते दोन्ही विंडोत नीट बसतं. आणि सत्तर वर्षांचा दंड फील्डमध्ये, म्हणजे रकमेसाठी ठरवलेल्या जागेत, मावत नव्हता तेव्हा कोबोलने डावीकडचे आकडे निमूटपणे कापून टाकले आणि उरली एक साधी, पटण्यासारखी रक्कम. प्रोग्राम आपटला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं.

मी तिला विचारलं, गुरुवारीच का नाही सांगितलंस? ती खाली बघून म्हणाली, "सांगितलं असतं तर सरांनी तो कागद सगळ्यांना दाखवत फिरवला असता, आणि मॅनेजर सरांनी मला घाबरट म्हटलं असतं. मला दोन्ही नको होतं. मला फक्त विचारायचं होतं की हे बरोबर आहे का."

इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य माझ्या कानात आहे. तालीम कशासाठी होती, चुका सापडाव्यात म्हणून ना? आणि आम्ही मोठ्यांनी भांडून भांडून अशी हवा करून ठेवली होती की चूक सापडलेल्या माणसालाच ती लपवावीशी वाटली.

मीटिंगमध्ये अगदी तेच झालं. सर उठून म्हणाले, हे हिमनगाचं टोक आहे. मॅनेजर म्हणाले, एक बग आहे, सोमवारी बघू, बाहेर वाच्यता नको. मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये आवाज चढवला. म्हटलं, ही मुलगी दोन दिवस गप्प बसली ती आपल्यामुळे, आधी ते बोला. बराच वेळ कुणी ब्र काढला नाही. मग सर तिच्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तो कागद दे इकडे. कुणाला दाखवणार नाही, दुरुस्त करू."

रविवारी दोघं ऑफिसात बसले. सगळ्यांसाठी विंडो ५० करता येत नव्हती, जन्मतारखा बिघडल्या असत्या, म्हणून बोलावणाऱ्या प्रोग्रामनेच विंडो कळवायची असं केलं. आणि तिने प्रोग्रामच्या सुरुवातीला, कॉलम सातमध्ये तारा घालून, एक कॉमेंट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटर सोडून देतो आणि फक्त माणसं वाचतात अशी टीप, की कर्जांची ही विंडो २०४९ पर्यंतच आहे, तीस वर्षांचं कर्ज १ जानेवारी २०२० ला पुन्हा याच जागी अडकेल, त्याआधी बदला. खाली तिची आद्याक्षरं. सरांनी स्वतःची खाली जोडली.

सोमवारपासून मी भिंतीला एक वही टांगली, कुणीही बिननावाने लिहावं अशी. पहिल्या आठवड्यात अकरा गोष्टी आल्या, त्यातल्या चार खऱ्या बग होत्या.

३१ च्या रात्री सर शिफ्टवर आले. घरात सगळा साठा, आणि हा माणूस कन्सोलसमोर. रात्र सुरळीत गेली. मग जो तो म्हणायला लागला की काही झालंच नाही, लांडगा आला रे आला होतं सगळं. याचा मला आजही राग येतो. ब्रिटनमध्ये २८ डिसेंबरलाच हजारो कार्ड मशीन अडकली होती, कारण ती पुढचे चार दिवस बघायची आणि त्यात २००० साल येत होतं. शेफील्डमध्ये आईचं वय चुकीचं मोजल्यामुळे दीडशेवर गरोदर बायकांना डाऊन सिंड्रोमच्या तपासणीचे चुकीचे निकाल गेले. बाकी ठिकाणी झालं नाही, कारण कुणीतरी पेन्सिलीने दंड मोजून पाहिला होता.

२०१९ मध्ये एक फोन आला. जुन्या ऑफिसातून, आवाज अनोळखी, तरुण. "मॅडम, तुमच्या काळातली एक कॉमेंट सापडलीये, खाली दोघांची आद्याक्षरं आहेत. हे कोण, सांगू शकाल?"

सर तोवर गेले होते. मी तिचा नंबर दिला.